गाय दाव्यासकट गेली

पेंड माणसं खात नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती कधी ताजी खाल्लेली नसणार. शेंगदाण्याची पेंड घाण्यावरून येऊन फार दिवस झाले नसतील तर दाताखाली कुरकुरते, जिभेवर तेलाचा बारीक गोडवा राहतो. मी ती भर बाजारात, डोक्यावरचा पदर सावरत, सासऱ्यांच्या देखत खाल्लेली आहे. नव्या सुनेनं असं करायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण गाईला काय घालायचं ते आधी आपण चाखून बघावं हे माझ्या वडिलांनी शिकवलेलं, आणि दुकानात उभी राहिले की मला वडिलांचंच खरं वाटायचं.

माझं माहेर कोपरगाव तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाला. कॅनॉलचं पाणी, ऊस, काळी माती. सासर मिळालं पाथर्डीकडचं. तिथं माती कमी आणि दगड जास्त. लग्नात वडिलांनी मला एक कपिला गाय आंदण दिली. मी तिला वासरू असल्यापासून वाढवलेली, म्हणून तीच दिली. गाय ट्रकमधून माझ्या आधी सासरी पोचली आणि तिनं पहिल्याच दिवशी कडब्याला तोंड लावायला नकार दिला. सासूबाईंनी तिच्यापुढं ज्वारीच्या कडब्याची चांगली पेंढी सोडली, तिनं हुंगली आणि तोंड फिरवलं.

"माहेरची पाहुनी लई नखऱ्याची हाय गं," सासूबाई म्हणाल्या. त्या गाईबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या. जीभ तेवढी तिखट. त्यांचे गुडघे धरलेले होते, बाजाराला जाणं त्यांनी सोडलं होतं, आणि मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डोळ्यांनी नीट दिसत नसे. पेंडीला बुरशी धरलेली त्यांना ओळखू येत नसे. एकदा त्यांनी आणलेलं पोतं पाहून सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या पाहुनीला काय लागतं ते तूच जाऊन आन." एवढ्या एका वाक्यानं माझं आयुष्य सुधारलं. दर बाजारी मामंजींच्या बैलगाडीत मागं बसून मी पेंडीच्या दुकानात जायला लागले.

दुकान बाजारतळाच्या कडेला होतं. वर पत्रा, पुढं कमरेएवढा दगडी ओटा, कारण मालाची गाडी मागं घेऊन ओट्याला लावत आणि पोती सरळ आत ओढत. आत सरकीच्या पेंडीची थप्पी, शेंगपेंडीच्या ताटाएवढ्या चकत्या, तुरीची चुनी, गव्हाचा भुसा, खडेमीठ. आढ्याला दाव्यांचे, कासऱ्यांचे, वेसणींचे झुबके टांगलेले. त्यातून वाकून आत जावं लागे. आत गेलं की तेल, धूळ, गोणपाट आणि तंबाखू यांचा एकत्र वास यायचा. मला तो फार आवडायचा. अजूनही आवडेल, पण आता खाद्य शिवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतं आणि नाक लावलं तरी काही लागत नाही.

दुकानदार जाडजूड, पन्नाशीचा माणूस होता. त्याला माणसांची नावं लक्षात राहत नसत, जनावरं राहत. "या, मोडक्या शिंगाचा बैल, या," असं तो गिऱ्हाइकाला म्हणायचा आणि गिऱ्हाईक बिनतक्रार ओ द्यायचं. मामंजी म्हणजे "पांढरी जोडी." मला पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "तुमचं जनावर कंचं, ताई?"

"कपिला गाय."

"हितली?"

"न्हाई. कोपरगावची."

"म्हंजी आमच्या मालाच्याच गावची की!" तो म्हणाला, आणि तेव्हापासून मी त्या दुकानात "कोपरगाव" झाले. "कोपरगाव आलं, त्यांना मागची थप्पी दाखवा, ताजी." लग्नात माझं नाव बदललं होतं. सासरी माहेरचं नाव कुणी घेत नव्हतं, घेण्याचं कारणही नव्हतं. पण निदान एका माणसाच्या तोंडी माझ्या गावाचं नाव मला चिकटलेलं होतं, आणि ते ऐकायला मी आठवडाभर वाट बघायचे.

त्याचा माल खरंच तिकडून यायचा. तिकडची एक मालगाडी, म्हणजे ट्रकच, पण त्याला सगळे मालगाडीच म्हणत, पेंडीची पोती घेऊन यायची. ती ओट्याला लागलेली असली की मी उगाच तिच्या मागच्या चाकाशी जाऊन उभी राहायची. चाकाच्या वरच्या पत्र्याला काळी माती सुकून चिकटलेली असे. ती आमच्या शिवारातलीच असेल असं काही नव्हतं, तालुका केवढा मोठा. तरी मी ती बोटानं खरवडून बघायची. मला माहेरची आठवण यायची ती अशी, भर दुपारी, लोकांत, काही कारण नसताना. मामंजींना दिसायचं कमी, पण ते तेवढ्यात नेमके तंबाखू मळत दुसरीकडं बघायचे.

वडील तोवर कधी आले नव्हते. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. लग्नाला दोन वर्षं होत आली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. दुसऱ्या वर्षी दिवाळीलाही मला धाडणं झालं नाही, कारण पाऊस झाला नव्हता आणि घरात कामाला प्रत्येक हात हवा होता.

मग बहात्तर साल आलं आणि पाऊस पुन्हा आला नाही. आमच्या भागाला कोरड नवी नव्हती, पण ही वेगळी होती. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरायचं. माझे यजमान तलावाच्या कामावर लांब गेले होते, तिथंच राहत. मी सकाळी खडी फोडायला जायची आणि संध्याकाळी जनावरांचं बघायची. बैल ठेवणं भाग होतं, कारण पाऊस आला असता तर बैलांवाचून पेरणी कशी करणार. गाय आटली होती. भाकड जनावर, त्यात खाण्याची नखरेल. सासूबाई काही बोलत नव्हत्या, त्याचीच मला भीती वाटायची. गावात लोक जनावरं सोडून देत होते, काही कवडीमोलानं देत होते. रात्रीची भाकरी खाताना माझं लक्ष गोठ्याकडं लागलेलं असायचं.

एक दिवस दुकानात पेंड घेताना मामंजींनी दुकानदाराला सहज विचारलं, "तुमची गाडी तिकडं रिकामीच जाती का वो?"

"हिकडून काय न्यायचं? दगूड?" दुकानदार म्हणाला.

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाले, "सूनबाई, तुज्या गाईला माहेरी धाडू. तिकडं हिरवं हाय. पाऊस पडला की आनू माघारी."

मला इतका आनंद झाला की मी डोक्यावरचा पदर ओढून घेतला, कारण तोंड झाकावंच लागलं. गाय वाचणार होती. आणि त्याच क्षणी दुसरंही काहीतरी वाटलं. ते मी लपवत नाही. गाईला जाता येत होतं आणि मला नाही, याचा मला सरळ सरळ हेवा वाटला.

पुढच्या बाजारी आम्ही गाय गाडीमागं बांधून दुकानात नेली. मालगाडी ओट्याला लागलेली होती. त्या खेपेला पोत्यांबरोबर उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी आलेले होते, आणि फाळक्याच्या आत त्यातलं थोडं सांडून राहिलं होतं. दुकानदारानं दोन गडी बोलावले, गाय चढवायला जोर लागेल म्हणून. जोर कसला! गाईला हिरव्याचा वास आला. ती ओट्यावरून तुरुतुरु चालत गाडीत शिरली आणि वाढं खायला लागली. मी तिला इतकी पेंड भिजवून घातली, तिच्या अंगावरचे गोचीड काढले, आणि तिनं एकदा मान वळवून बघितलंसुद्धा नाही. मी तिच्यावर रागावले. आजही थोडी रागावलेलीच आहे.

"जनावर मोकळं न्हाई न्यायचो मी," ड्रायव्हर म्हणाला. "वळनावर पडंल." मामंजींनी तिच्या गळ्यातलं दावंच गाडीच्या कडीला पक्कं बांधलं. दुकानदारानं ड्रायव्हरला गाव सांगितलं, घर सांगितलं. ड्रायव्हर अबोल, तोंडात तीळ भिजेल पण शब्द नाही सुटायचा असा. "बरं," एवढंच म्हणाला आणि गाडी गेली.

घरी पोचलो तर सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी आमच्या मोकळ्या हातांकडं बघितलं.

"दावं कुठाय?"

"गाईच्या गळ्यात," मामंजी म्हणाले.

इथं मला आमच्या भागातली रीत सांगायला हवी, माहेरीही तीच. जनावर घराबाहेर गेलं तरी दावं घरात राहतं. विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपलं आणतो. काही दिवसांसाठी कुणाकडं चरायला ठेवलं तर घरचं दावं खुंट्याला अडकवून ठेवतात, म्हणजे या गोठ्यात तिची जागा आहे. आणि आंदणाची गाय जर कधी दाव्यासकट परत गेली, तर त्याचा अर्थ एकच. देणं परत केलं, नातं सोडलं. लेक टाकली. तोंडानं कुणी सांगायचं नाही, गाय सांगते.

"आवो, आंदानाची गाय दाव्यासकट धाडली?" सासूबाईंचा आवाज चढला. "त्या मानसाला काय वाटंल? मूल न्हाई म्हनून पोर टाकली असंच म्हनंल की! आन दुकानात दाव्यांचा झुबका टांगलाय, एक नवं सुचलं न्हाई व्हय कुनाला?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते असं. आम्ही सगळ्यांनी त्या टांगलेल्या दाव्यांतून वाकून वाकून आत-बाहेर केलं होतं आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मला तर सासूबाई बोलेपर्यंत काही सुचलंच नव्हतं, मी गाईच्या हिरव्या चाऱ्यात अडकले होते. त्यांनी बोलून दाखवलं आणि वडिलांच्या दारात गाडी थांबते आहे, फाळका उघडतो आहे, गाय उतरते आहे आणि तिच्या गळ्यात दावं आहे, हे सगळं मला दिसायला लागलं.

निरोप धाडायचा कुणाकडून? कोपरगाव काही शेजारची वाडी नव्हती. मामंजी म्हणाले, पुढच्या बाजारी गाडी आली की ड्रायव्हरला सांगू. तो बाजार आला, गाडी आली नाही. दुकानदार म्हणाला, तिकडंच मालाचा तुटवडा आहे. दुष्काळात तेरावा महिना. त्या आठवड्यात सासूबाई माझ्याशी एवढ्या मऊ बोलत होत्या की मला जास्तच रडू यायचं. एकदा त्यांनी स्वतःहून माझ्या डोक्यावर तेल घातलं. कुणी म्हणू नये, सुनेला टाकली, असं त्यांना वाटत असेल. किंवा नुसतीच माया असेल. मी तेव्हा विचारलं नाही.

त्यानंतरच्या बाजारी आम्ही तळावर शिरलो तेव्हा गाडी ओट्याला लागलेली होती, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूनं एक माणूस उतरत होता. पटका, धोतर, काखेत छोटं गाठोडं. मी चालत्या बैलगाडीतून उडी मारली.

वडिलांना मी दादा म्हणायची. दादांनी मला बघितलं आणि आधी त्यांची नजर माझ्या गळ्यावर गेली, मंगळसूत्रावर. मग कपाळावर, कुंकवावर. मग कुठं तोंडावर. त्यांच्या हातात गाईचं दावं होतं, नीट वळून घेतलेलं. त्यांनी मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारली.

मामंजींनी तिथंच सगळ्यांदेखत हात जोडले. "व्याही, चुकी झाली. गाडीत बांधायला म्हनून ऱ्हायलं. दुसरं मनात काय न्हाई. लेकीसारखी हाय ती आमाला."

दादांना ते समजायला वेळ लागला. दुकानदाराला आधी समजलं. त्यानं वर टांगलेल्या दाव्यांकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "च्यायला, हितंच तर घोडं पेंड खातंय!" तो म्हणाला, आणि पेंडीच्या दुकानातच ते वाक्य निघाल्यामुळं आधी गडी हसले, मग मामंजी, आणि मग दादा हसले. हसता हसता त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. दावं त्यांनी मामंजींच्या हातात दिलं. दुकानदारानं त्यांना माठातलं पाणी दिलं, ते त्यांनी घटाघटा प्यायलं. ते काही माझं घर नव्हतं, तिथलं पाणी चालत होतं.

मामंजी म्हणाले, बैलांना जरा पाण्यावर नेऊन आणतो. तळावर पाणी नव्हतं, बैलांना ते सकाळीच पाजून आणलं होतं. तरी ते गेले. फार शहाणा माणूस होता.

आम्ही दोघं शेंगपेंडीच्या पोत्यांवर बसलो. मी त्यांना मोडून एक तुकडा दिला. त्यांनी चाखला, म्हणाले, "ताजी हाय." गाय कशी आहे ते सांगितलं, खाते, अंग धरलंय, जुन्याच जागेवर बांधली. धाकट्या भावाचं सांगितलं. कॅनॉलला पाणी कमी सुटतंय म्हणाले. मी त्यांच्या आवाजाकडंच लक्ष देत होते, शब्दांकडं नाही. इतके दिवस मला वाटायचं, दादा भेटले की मी इतकं बोलेन की सरणार नाही. आणि मी बसले होते नुसती, त्यांच्या धोतराच्या काठाला बोट लावून.

मग ते हळू म्हणाले, "आता कुनी न्हाई. खरं सांग. तरास हाय का?"

तरास होता. खडी फोडून हाताला घट्टे पडले होते. भाकरी अर्धी मिळायची. नवरा महिन्यातून एकदा दिसायचा. पण तो तरास कुणी देत नव्हतं. अर्धी भाकरी सगळ्यांनाच होती, आणि सासूबाई आपल्यातला कोर मोडून माझ्या ताटात टाकायच्या. हे कसं सांगायचं? मला माहेरी यायचं होतं. फार यायचं होतं. कारण मात्र काही नव्हतं.

"गाडीत जागा हाय," दादा म्हणाले. "मी ड्रायव्हरला बोलूनच आलोय. तुला न्यायचं म्हनूनच आलो व्हतो मी."

ओट्यावर गडी पोती ओढत होते. मी दाराबाहेर बघितलं. मामंजी उन्हात बैलांच्या पुढ्यात उभे होते, आमच्याकडं पाठ करून, आणि ते वळून बघणार नव्हते, मी कितीही वेळ लावला तरी. डोळ्यांनी अधू असलेला तो म्हातारा एकटा गाडी हाकत घरी गेला असता. सासूबाईंनी त्याच्या मागं कोण उतरतंय ते पाहिलं असतं.

"मला काय तरास न्हाई, दादा," मी म्हणाले. "समदं बरं हाय. मानसं चांगली हायती."

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी खरं बोलते आहे हे त्यांना समजलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, छातीवरची धोंड उतरली. आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. मला ते दोन्ही दिसलं. मग त्यांनी काखेतलं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. आत माझं लग्नाआधीचं एक लुगडं होतं, धुऊन घडी घातलेलं. वाटेत नेसायला म्हणून आईनं दिलेलं.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. दादा उठले, पटका नीट केला, मामंजींना रामराम घातला. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले.

"तुजी आई," ते म्हणाले, "आज सांजच्याला भाकरतुकडा घिऊन दारात हुबी ऱ्हाईल. लेक येनार म्हनून."

मी गाठोडं छातीशी धरलं.

"तिला काय सांगू?"

"सांगा, लेक सुखात हाय."

दादांनी मान हलवली. "चांगली बातमी हाय," ते म्हणाले. "पर ती तिला कशी सांगावी, ते काय मला सुचंना."